दूषित असण्याची शंका असलेल्या जमिनीत निरीक्षण विहीर घेताना: खोदण्याआधीचे नियोजन

डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशचा जुना खड्डा, बंद पडलेला कारखाना, प्लेटिंगचे युनिट, पेट्रोल पंप, कीडनाशकांचे जुने गोदाम किंवा गावचा कचरा डेपो. यांच्या शेजारची जमीन विकत घेताना, खंडाने करताना किंवा वडिलोपार्जित शेतात राहताना एक प्रश्न मनात येतोच: खालचे पाणी खराब झाले आहे का? त्याचे उत्तर मिळवण्यासाठी घाईने गाडी बोलावून बोअर मारली, तर दोन तोटे होऊ शकतात. पैसे जातात आणि उत्तर मिळत नाही. त्याहून वाईट म्हणजे, वरच्या थरातले खराब पाणी त्याच बोअरमधून खालच्या चांगल्या थरात उतरते. म्हणून निरीक्षण विहिरीचे खरे काम गाडी येण्याआधी, कागदावर होते. ते कसे करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

सर्वांत आधी पिण्याचे पाणी

विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याचा रंग, वास, चव बदलली असेल, फेस येत असेल, तवंग दिसत असेल किंवा जनावरे पाणी पिण्यास टाळत असतील, तर निरीक्षण विहीर होईपर्यंत थांबू नका. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दुसऱ्या स्रोतातील पाणी आजच सुरू करा. पाणी उकळल्याने जंतू मरतात. क्षार, नायट्रेट आणि जड धातू जात नाहीत. उलट पाण्याची वाफ होऊन त्यांचे प्रमाण वाढते. तुरटी आणि ब्लीचिंग पावडर यांचाही या घटकांवर उपयोग होत नाही.

सांडपाणी झिरपलेल्या जुन्या विहिरीत गाळ पाहण्यासाठी किंवा नमुना घेण्यासाठी उतरू नका. सेंद्रिय सांडपाणी कुजताना हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन हे वायू तयार होतात. अशा विहिरीत उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडू शकतो आणि त्याला काढायला उतरणाराही सापडतो. नमुना वरूनच दोरीने काढा.

शेतीची बोअर आणि निरीक्षण विहीर यांतील फरक

शेतीची बोअर भरपूर पाणी मिळावे म्हणून घेतात. माती आणि मुरूम ढासळू नये म्हणून वरच्या भागात केसिंग टाकतात आणि त्याखाली कठीण खडकात बोअर उघडीच ठेवतात. त्यामुळे 60 मीटरच्या बोअरमध्ये वाटेतल्या सगळ्या भेगांचे पाणी एकत्र येते. अशा बोअरचा नमुना घेतला, तर वरच्या थरातले खराब पाणी खालच्या चांगल्या पाण्यात मिसळून पातळ झालेले असते. अहवाल 'ठीक' येतो आणि शेजारच्या 12 मीटर खोल विहिरीचे पाणी मात्र खराब होतच राहते.

निरीक्षण विहीर पाणी उपसण्यासाठी नसते. एका ठरावीक खोलीवरचे पाणी, इतर कशाचीही भेसळ न होता, वर काढता यावे यासाठी ती असते. म्हणून तिची जाळी आखूड असते, जाळीच्या वरची पोकळी पक्की बंद केलेली असते आणि तोंडाला कुलूप असते. आधीच्या बोअरचा आणि विहिरींचा पहिल्या अंदाजासाठी जरूर उपयोग करा, पण निष्कर्ष त्यांच्यावर काढू नका.

पायरी 1: जमिनीचा इतिहास गोळा करा

- सातबारा, जुने फेरफार आणि गाव नकाशा घ्या. बिगरशेती वापर कधी झाला, कोणत्या गटात कोणती इमारत होती, हे त्यावरून कळते.
- गावातील ज्येष्ठ मंडळी, जुने कामगार, टँकरचालक यांना विचारा. खड्डा कुठे होता, किती वर्षे भरत होता, त्याला अस्तर होते का, पावसाळ्यात तो कुठल्या बाजूला फुटायचा, हे कागदावर सापडत नाही. माणसांना ठाऊक असते.
- उपग्रह चित्रांच्या जुन्या तारखा पाहा. बुजवलेले खड्डे जुन्या चित्रांत स्पष्ट दिसतात.
- कारखान्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या संमतीपत्रात सांडपाणी किती आणि त्याची विल्हेवाट कशी लावायची, हे लिहिलेले असते. ते मिळाले नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 खाली अर्ज करता येतो.
- आजूबाजूच्या अर्धा ते एक किलोमीटरमधील सर्व विहिरी आणि बोअर नकाशावर टाका. प्रत्येकीची खोली, पाण्याचा वापर आणि पाणी कधीपासून बदलले, याची नोंद करा. गावाची नळपाणी योजना त्या परिसरातून पाणी घेत असेल, तर ते ठिकाण ठळक दाखवा.

पायरी 2: काय शोधायचे आहे ते ठरवा

'पाणी तपासायचे आहे' एवढे पुरेसे नाही. कोणता दूषक शोधायचा, यावर विहिरीची खोली आणि जाळीची जागा ठरते.

*पेट्रोल, डिझेल:* पाण्यापेक्षा हलके असल्याने पाण्याच्या पातळीवर तरंगतात. जाळी पाण्याच्या पातळीच्या थोडी वर आणि थोडी खाली, अशी दोन्हीकडे हवी. पूर्ण जाळी पाण्याखाली गेली, तर तवंग बाहेरच राहतो आणि विहीर स्वच्छ वाटते.

*ग्रीस काढण्याची क्लोरीनयुक्त द्रावणे:* पाण्यापेक्षा जड असतात. ती पाण्यातून खाली उतरून कठीण थरावर साचतात आणि त्याच्या उतारावर सरकतात. येथे खालच्या भागाची वेगळी तपासणी लागते. हे काम अनुभवी भूवैज्ञानिकाशिवाय करू नका.

*प्लेटिंग, चामड्याचे काम:* षट्संयुजी क्रोमियम पाण्यात सहज विरघळते आणि पाण्याबरोबर दूर जाते. प्रमाण जास्त असेल, तर पाण्याला पिवळसर छटा येते.

*स्पेंटवॉश:* महाराष्ट्राच्या ऊस पट्ट्यात हा प्रश्न नेहमी समोर येतो. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश निघतो. कच्च्या स्पेंटवॉशचा सामू साधारण 4 असतो, रंग गडद तपकिरी असतो आणि त्यात सेंद्रिय पदार्थ, पालाश, क्लोराइड, सल्फेट भरपूर असतात. त्यामुळे क्षारता (ईसी), पालाश, क्लोराइड, सल्फेट, सीओडी आणि रंग या त्याच्या खुणा ठरतात. आणखी एक खूण सहज सुटते. सेंद्रिय पदार्थ कुजताना जमिनीतील ऑक्सिजन संपतो आणि खडकातील लोह व मँगनीज पाण्यात उतरतात. त्याच वेळी नायट्रेट कमी होते. म्हणजे अशा ठिकाणी नायट्रेट कमी आले म्हणून पाणी चांगले, असे समजू नये.

*खते, शेणखताचे ढीग, शौचालयाचे शोषखड्डे:* नायट्रेट, क्लोराइड आणि जंतू. ही कारणे आपल्याच शेतातही असू शकतात. तीही नकाशावर प्रामाणिकपणे दाखवा. नाहीतर पुढे अहवालावर पहिला आक्षेप तिथेच येतो.

पायरी 3: खालचा खडक समजून घ्या

महाराष्ट्राच्या सुमारे 80 टक्क्यांहून अधिक भागात काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट आहे. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. वर माती, खाली मुरूम, मग भेगाळलेला खडक, मग कठीण पाषाण आणि पुन्हा सच्छिद्र मांजऱ्या, असा क्रम अनेक ठिकाणी मिळतो. दोन थरांमध्ये कधी लाल गेरूचा पट्टा लागतो. पाणी मुरूम, भेगा आणि मांजऱ्या यांत असते. अखंड कठीण पाषाणातून ते जवळजवळ जात नाही.

याचे दोन परिणाम होतात. पहिला, भेगांमधून दूषित पाणी अनपेक्षित दिशेला आणि वेगाने जाऊ शकते. 50 मीटरवरची विहीर चांगली आणि 200 मीटरवरची खराब, असे घडू शकते. दुसरा, कठीण पाषाण किंवा गेरूचा थर खालच्या पाण्याचे काही प्रमाणात संरक्षण करत असतो. त्यातून आरपार गेलेली उघडी बोअर हे संरक्षण काढून टाकते.

भागानुसार फरकही लक्षात घ्या. धुळे-नंदुरबारकडे जमिनीत उभ्या भिंतींसारखे डाइक आहेत. ते पाण्याचा प्रवाह अडवतात किंवा वळवतात. तापी-पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचा जाड थर आहे. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात भूजल मुळातच खारे आहे. तेथे नुसत्या वाढलेल्या क्षारतेवरून कारखान्याला दोष देता येणार नाही. चंद्रपूर, यवतमाळच्या काही भागांत फ्लोराइड नैसर्गिकरीत्या जास्त आढळते. आपल्या भागातील मूळ पाणी कसे आहे, हे आधी माहीत हवे.

यासाठी शेजारच्या उघड्या विहिरींच्या भिंती पाहा. त्यांत थर स्पष्ट दिसतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात परिसरातील निरीक्षण विहिरींच्या पाणीपातळीची आणि गुणवत्तेची माहिती विचारा.

पायरी 4: पाणी कुठल्या दिशेने वाहते ते काढा

जमिनीचा उतार आणि भूजलाचा उतार बहुतेक वेळा सारखा असतो, पण नेहमी नाही. नियोजनातील सर्वांत महत्त्वाची माहिती हीच आहे आणि ती जवळजवळ बिनखर्चात मिळते. त्यासाठी एकाच थरातील किमान तीन विहिरी लागतात आणि त्या एका सरळ रेषेत नसाव्यात.

पद्धत अशी:

1. तिन्ही विहिरींचे पंप किमान 12 तास बंद ठेवा. शेजाऱ्यांनाही विनंती करा.
2. एकाच दिवशी, शक्यतो पहाटे, काठावरील खुणेपासून पाण्यापर्यंतची खोली मोजा. लोखंडी टेपच्या टोकाला खडू लावला, तर कुठपर्यंत भिजला ते नेमके दिसते.
3. तिन्ही काठांवरील खुणांची उंची एकमेकींच्या तुलनेत काढा. डंपी लेव्हल उत्तम. जवळच्या अंतरासाठी गवंड्याची पाण्याची लेव्हल नळीही चालते. मोबाइलमधील उंची वापरू नका. तिच्यात काही मीटरची चूक असते.
4. खुणेच्या उंचीतून पाण्यापर्यंतची खोली वजा करा. ही झाली पाण्याची पातळी.

उदाहरण पाहू. 'अ' विहिरीच्या खुणेची उंची 100.00 मीटर मानली.

- अ: खूण 100.00, खोली 6.20, पाण्याची पातळी 93.80 मीटर
- ब: खूण 98.50, खोली 5.90, पाण्याची पातळी 92.60 मीटर
- क: खूण 99.10, खोली 5.80, पाण्याची पातळी 93.30 मीटर

येथे 'अ' मध्ये पाणी सर्वांत खोल लागते, तरी तिची पातळी सर्वांत उंच आहे. नुसती खोली पाहिली असती, तर दिशा चुकली असती. आता अ आणि ब यांतील अंतर 120 मीटर आहे असे धरा. या अंतरात पातळी 1.20 मीटर उतरते, म्हणजे दर 100 मीटरला 1 मीटर. 'क' ची पातळी 93.30 आहे. हीच पातळी अ-ब रेषेवर 'अ' पासून 50 मीटरवर येते. तो बिंदू आणि 'क' यांना जोडणारी रेषा काढा. या रेषेवर पातळी सारखी आहे. या रेषेला काटकोनात, 'ब' च्या बाजूला जाणारी दिशा म्हणजे भूजलाची दिशा.

हे मोजमाप दोनदा करा: एकदा रब्बीत पंप जोरात चालू असण्याच्या काळात आणि एकदा पावसाळ्यानंतर. शेजारची मोठी बोअर सतत चालू असेल, तर ती पाणी स्वतःकडे ओढते आणि दिशा बदलते. खडक भेगाळलेला असल्याने ही दिशा अंदाज म्हणूनच घ्या. पुढे नवीन विहिरींच्या पातळीवरून ती पुन्हा तपासा.

पायरी 5: जागा आणि संख्या ठरवा

एकच निरीक्षण विहीर फारसे काही सांगत नाही. तिच्यात क्षार जास्त आले, तर ते खड्ड्यातून आले की जमिनीतच होते, हे कळणार नाही. म्हणून किमान तीन हव्यात:

- एक वरच्या बाजूला: जेथून भूजल येते त्या बाजूला, खड्ड्याचा परिणाम पोहोचणार नाही इतकी दूर. ही तुलनेची विहीर. हिच्याजवळ शेणखताचा ढीग, गोठा किंवा शोषखड्डा नको.
- दोन खालच्या बाजूला: एक खड्ड्याच्या काठाजवळ आणि दुसरी, खड्डा आणि तुमची किंवा गावाची पिण्याची विहीर यांच्या मधे. ही दुसरी विहीर धोक्याची सूचना आधी देते.

खड्डा रुंद असेल, तर खालच्या बाजूला विहिरी वाढवाव्या लागतात. दोन विहिरींच्या मधून दूषित पाण्याचा पट्टा निसटू शकतो. तिन्ही विहिरी एका रेषेत घेऊ नका, म्हणजे पातळीवरून दिशाही काढता येईल.

प्रत्यक्ष खड्ड्याच्या किंवा पुरलेल्या कचऱ्याच्या मधोमध बोअर घेऊ नका. तळाचा गाळ फोडून खाली वाट करून देण्याचा धोका त्यात असतो. पुराचे पाणी साचणारी जागा, ओढ्याचा काठ, विजेच्या तारांखालची जागा टाळा. नमुना घ्यायला बाराही महिने जाता येईल अशी वाट ठेवा.

पायरी 6: खोली, जाळी आणि बांधणी

*खोली:* पहिला पाणीदार थर हे पहिले लक्ष्य. बेसॉल्टमध्ये तो बहुधा उघड्या विहिरी ज्या खोलीतून पाणी घेतात, त्याच खोलीत असतो. पाणी मे महिन्यात सर्वांत खाली जाते. म्हणून एप्रिल-मे मध्ये खोदकाम केले, तर विहीर उन्हाळ्यात कोरडी पडण्याची शक्यता कमी होते. ऑगस्टमध्ये घेतलेली उथळ विहीर मार्चमध्ये रिकामी दिसू शकते.

*जाळी:* साधारण 3 मीटर, गरज पडली तर 6 मीटरपर्यंत. त्याहून लांब जाळी वेगवेगळ्या थरांचे पाणी मिसळते. खालचा थरही तपासायचा असेल, तर शेजारी वेगळी बोअर घ्या. तिच्यात आधी वरचा थर केसिंग आणि सिमेंटने पूर्ण बंद करून, ते घट्ट झाल्यावरच खाली जा. एकाच पाइपला दोन खोल्यांवर जाळी ठेवू नका.

*पाइप:* आपल्याकडील गाडी साधारण 150 ते 165 मिलिमीटरची बोअर मारते. तिच्यात 2 इंची पीव्हीसी पाइप टाकला, तर चारी बाजूंनी सुमारे 5 सेंटिमीटर पोकळी मिळते आणि ती नीट भरता येते. 4 इंची पाइपाभोवती पोकळी अरुंद राहते. वरून टाकलेली वाळू आणि बेंटोनाइट मधेच अडकते. पाइपचे जोड आट्यांचे घ्या. चिकटवण्याच्या सोल्युशनमधील द्रावणे पाण्याच्या नमुन्यात उतरू शकतात. जाळी कारखान्यात कापलेल्या खाचांची घ्या. करवतीने किंवा तापलेल्या सळईने भोके पाडू नका.

*भरण, खालून वर या क्रमाने:*

1. जाळीभोवती आणि जाळीच्या वर अर्धा मीटरपर्यंत धुतलेली, गोल कणांची वाळू किंवा बारीक खडा.
2. त्यावर 0.6 ते 1 मीटर बेंटोनाइटच्या गोळ्या. या फुगतात आणि पोकळी बंद करतात. कोरड्या भागात वरून स्वच्छ पाणी घालून त्यांना फुगायला वेळ द्या.
3. त्यावर जमिनीपर्यंत सिमेंट-बेंटोनाइटचा रबडा. तो बारीक पाइपने खालून वर भरा. वरून ओतला तर पोकळ्या राहतात.
4. जमिनीवर बाहेरच्या बाजूला उतार असलेला सिमेंटचा ओटा, पाइपभोवती लोखंडी संरक्षक पाइप आणि कुलपाचे झाकण.

या चारपैकी 2 आणि 3 क्रमांकाचे काम खर्च वाचवण्यासाठी गाळले जाते. नेमके तेच गाळले, तर पावसाचे आणि वरचे दूषित पाणी पाइपाच्या बाहेरून जाळीपर्यंत उतरते. मग तुम्ही भूजल न तपासता गळती तपासत राहता. गाडीवाल्याशी बोलताना हे काम दरात आहे का, हे आधी लेखी ठरवा.

*खोदताना:* गाडीचे दांडे आणि बिट आधी धुऊन घ्या. खोदकाम स्वच्छ जागेकडून संशयित जागेकडे, म्हणजे वरच्या बाजूच्या विहिरीपासून सुरू करा. दर मीटरचा चुरा प्लॅस्टिकवर ओळीने मांडा. रंग, ओलावा, वास, पाणी कुठे लागले, याची नोंद आणि फोटो ठेवा. वास नाक जवळ नेऊन घेऊ नका. शंका असलेला चुरा आणि पाणी शेतात पसरू नका. झाकून वेगळे ठेवा.

परवानगी आणि सुरक्षितता

बोअर घेण्याआधी ग्रामपंचायत आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला लेखी कळवा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बोअर घेण्याच्या किमान 15 दिवस आधी संबंधित प्राधिकरणाला लेखी कळवणे, जागेवर फलक आणि कुंपण लावणे, पाइपाचे तोंड झाकणाने बंद करणे आणि निकामी बोअर बुजवणे अपेक्षित आहे. शेतात जुनी, वापरात नसलेली उघडी बोअर असेल, तर तीही सिमेंटच्या रबड्याने खालून वर बुजवून घ्या. मुलांच्या जिवाला असलेला धोका त्यामुळे टळतो आणि दूषित पाण्याची खाली जाण्याची एक वाटही बंद होते.

जमीन दुसऱ्याची असेल, तर मालकाची लेखी संमती घ्या. खरेदीचा व्यवहार सुरू असेल, तर तपासणीसाठी मुदत आणि निकाल खराब आल्यास व्यवहार मोडण्याची अट साठेखतात घालून घ्या.

नमुना कसा घ्यावा

विहीर तयार झाल्यावर सिमेंट घट्ट होऊ द्या. मग गढूळपणा जाईपर्यंत पाणी काढून विहीर धुऊन घ्या आणि एक-दोन आठवडे शांत ठेवा. नमुना घेण्याच्या दिवशी:

- आधी पाण्याची खोली मोजा.
- पाइपात साचलेले शिळे पाणी काढा. 2 इंची पाइपात दर मीटरला सुमारे 2 लिटर पाणी असते. पाण्याचा उभा स्तंभ 8 मीटर असेल, तर 16 लिटर. त्याच्या तिप्पट, म्हणजे 48 लिटर काढा. हे पाणी बेलरने किंवा लहान पंपाने हळू काढा.
- सामू, ईसी आणि तापमान जागेवरच मोजा. हे आकडे स्थिर झाले, की नमुना भरा.
- जड धातूंचा नमुना गाळून, नायट्रिक आम्ल घातलेल्या बाटलीत. पेट्रोलजन्य घटकांचा नमुना काचेच्या बाटलीत, आत हवेचा बुडबुडा न ठेवता. योग्य बाटल्या आधी प्रयोगशाळेतून घेऊन ठेवा.
- षट्संयुजी क्रोमियमचा वेगळा नमुना 24 तासांत प्रयोगशाळेत पोहोचवा. सर्व बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवा.
- प्रत्येक विहिरीसाठी वेगळी दोरी, वेगळा बेलर, नवीन हातमोजे. आधी वरच्या बाजूची विहीर, शेवटी खड्ड्याजवळची.

तपासणी एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करून घ्या आणि ज्या घटकांची तपासणी हवी, त्यांच्यासाठी ती मान्यता आहे का, हे विचारा. प्रकरण तक्रारीकडे जाण्याची शक्यता असेल, तर स्वतः घेतलेल्या नमुन्यावर अवलंबून राहू नका. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे लेखी अर्ज करून अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत, पंचनाम्यासह नमुना घेण्याची मागणी करा. विहिरींचा नकाशा, खोदकामाची नोंद आणि पातळीची वही तयार असेल, तर अर्जाला वजन येते.

पहिल्या वर्षी किमान चार वेळा तपासणी करा: मे, जुलै-ऑगस्ट, ऑक्टोबर आणि जानेवारी. पहिल्या मोठ्या पावसानंतर खड्ड्याच्या मातीतले क्षार धुऊन खाली येतात आणि आकडे अचानक वाढू शकतात. पुढे ते पातळही होतात. एका नमुन्यावर 'पाणी चांगले' किंवा 'पाणी खराब' असा शिक्का मारू नका.

अहवाल वाचताना

आधी वरच्या आणि खालच्या बाजूच्या विहिरींची तुलना करा, मानकांशी तुलना त्यानंतर. समजा, वरच्या बाजूला ईसी 0.9 डेसीसायमन प्रति मीटर आणि पालाश 2 मि.ग्रॅ. प्रति लिटर आहे. खालच्या बाजूला ईसी 3.4 आणि पालाश 60, शिवाय मँगनीज वाढलेले. बेसॉल्टमधील भूजलात पालाश सहसा थोडेच असते. म्हणजे बाहेरून काहीतरी येत आहे, असे म्हणायला आधार मिळतो. दोन्हीकडे क्षार सारखेच जास्त असतील, तर कारण दुसरीकडे शोधावे लागेल.

- पिण्यासाठी (आयएस 10500): नायट्रेट 45, एकूण क्रोमियम 0.05, शिसे 0.01, कॅडमियम 0.003 मि.ग्रॅ. प्रति लिटर या कमाल मर्यादा. क्लोराइड 250 पर्यंत स्वीकार्य. दुसरा स्रोत नसेल तर 1000 पर्यंत.
- ओलितासाठी: ईसी 0.75 पर्यंत चांगले, 0.75 ते 2.25 निचरा आणि पीक पाहून, त्यावर धोक्याचे. अवशिष्ट सोडियम कार्बोनेट 1.25 पेक्षा कमी सुरक्षित, 2.5 पेक्षा जास्त असल्यास अयोग्य. दीर्घकाळच्या ओलितासाठी क्रोमियम 0.1, निकेल 0.2 आणि कॅडमियम 0.01 मि.ग्रॅ. प्रति लिटर या मर्यादा अन्न आणि कृषी संघटनेने सुचवल्या आहेत.

ओलितासाठी पाणी चालते म्हणजे ते पिण्यासाठी चालते, असे नाही. भारी काळ्या जमिनीत निचरा कमी असल्याने 2.25 च्या आतले पाणीही काही वर्षांत जमीन चोपण करू शकते; म्हणून पाण्याबरोबर मातीचीही तपासणी करा.

गाडी बोलावण्याआधी तपासून घ्या

कृषी सहायकांनी आणि शेतकऱ्यांनी पुढील मुद्द्यांची उत्तरे एका कागदावर लिहावीत:

1. पिण्याच्या पाण्याची पर्यायी सोय झाली का?
2. खड्डा, गळती किंवा साठ्याची नेमकी जागा नकाशावर आहे का?
3. कोणते घटक तपासायचे, याची यादी प्रयोगशाळेशी बोलून ठरली का?
4. किमान तीन विहिरींच्या पातळीवरून पाण्याची दिशा काढली का?
5. वरच्या बाजूची तुलनेची विहीर नियोजनात आहे का?
6. जाळी कोणत्या खोलीवर आणि का, हे लिहिले आहे का?
7. बेंटोनाइट आणि सिमेंटचे भरण दरात धरले आहे का? खालचा थर फुटणार नाही, याची जबाबदारी कोणाची?
8. ग्रामपंचायत आणि भूजल यंत्रणेला लेखी कळवले का?
9. वर्षभराच्या चार तपासण्यांसाठी पैसे राखून ठेवले आहेत का?

यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर बोअर काही दिवस पुढे ढकला. चार आणि सात क्रमांकांच्या उत्तरांवर मात्र तडजोड करू नका: चौथे चुकले तर विहीर चुकीच्या जागी पडते आणि सातवे चुकले तर आजवर चांगले राहिलेले खालचे पाणी आपल्याच हाताने खराब होते.